बेचाळीसचा शून्य

एका ऑनलाइन वर्गात पाच जणांचा एक गट होता.

वर्ष होतं 2020. शाळा-कॉलेजं मार्चपासून बंद होती आणि शिकायचं ते सगळं मोबाइलच्या पडद्यावर आलं होतं. अशातच एका संस्थेनं पाण्याच्या मोजणीचा चार महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. फी थोडी, वयाची अट नाही, शिकवणार मराठीतून. त्यामुळं वर्गात नाना तऱ्हेची माणसं जमली. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात वर्गाचे गट पाडले. कोणाला कुठं घातलं, का घातलं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

सातव्या गटात होते एक निवृत्त वायरमन. महाबळेश्वरच्या बाजूच्या खेड्यातले. उभा जन्म भर पावसात खांबावर चढण्यात गेलेला. दुसऱ्या वाईच्या एक काकू. लॉकडाउनमुळं मुलगा पुण्याहून घरी आला होता, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर त्या बसत. तिसरी माण तालुक्यातली एक शेतकरीण, सगळे तिला ताई म्हणत. तिच्या घरी रेंज नव्हती. वर्गाच्या वेळी ती शेताजवळच्या टेकाडावर लिंबाखाली येऊन बसे. डेटा पुरावा म्हणून व्हिडिओ कायम बंद. चौथी सांगलीची बीएस्सीची मुलगी. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा तिचं नदीकाठचं घर माडीपर्यंत बुडालं होतं. पाणी येतं कुठून आणि येतं कधी, एवढंच तिला शिकायचं होतं.

पाचवा पुण्याचा तरुण इंजिनिअर. हुशार, कष्टाळू, शब्दाचा पक्का. आकड्यांत त्याचा हात धरणारा अख्ख्या वर्गात कोणी नव्हता.

मॅडमनी काम दिलं ते दिसायला सोपं होतं. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा, नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचं बूड खालीवर असतं, म्हणून त्यात थोडे खडे घालायचे, एका रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि तिथं शून्य धरायचा. रेघेच्या वर पट्टी चिकटवायची. झालं पर्जन्यमापक. तो भिंतीपासून, झाडापासून लांब, मोकळ्यावर ठेवायचा. रोज सकाळी साडेआठला वाचायचा आणि रिकामा करायचा. साडेआठलाच का, तर आपलं हवामान खातंही दिवसाचा पाऊस साडेआठलाच मोजतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एकरावर चार हजार लिटर. हे ऐकून माणच्या ताईनं मनातल्या मनात आपल्या अडीच एकरांचा हिशेब करून टाकला.

दोन महिन्यांनी प्रत्येक गटानं मिळून एक अहवाल द्यायचा होता.

इंजिनिअरनं त्याच रात्री गूगलवर एक तक्ता केला. पाच जणांच्या पाच ओळी, रोजचा एक रकाना, शेवटी बेरीज आपोआप. रंगीत मथळे. सगळ्यांनी वाहवा केली. मग गटाची पहिली बैठक झूमवर झाली. फुकटची बैठक 40 मिनिटांनी तुटते. त्यातली 30 मिनिटं इंजिनिअरनं तक्ता समजावून सांगण्यात घालवली. उरलेल्या वेळात काकू काहीतरी विचारत होत्या, काका माइक कसा सुरू करायचा ते शोधत होते. माणची ताई "मला काय म्हणायचंय..." इतकं बोलली आणि बैठक तुटली. पुन्हा कोणी लावली नाही.

पाऊस सुरू झाला. आकडे येऊ लागले.

काकूंची एक सवय होती. सकाळी त्या गणपतीच्या घाटावर जायच्या. देऊळ बंद होतं, पण घाट मोकळा होता. पाणी आज कितव्या पायरीला लागलं आहे ते बघायच्या आणि घरी येऊन कॅलेंडरच्या चौकोनात लिहायच्या. तेही तक्त्यात घालावं, असं त्यांनी गटावर सुचवलं. इंजिनिअरनं आदरानंच लिहिलं, "काकू, पायरी हे काही मोजमाप नाही. आपण फक्त मिलिमीटर घेऊया." काकूंनी बरं म्हटलं. गटावर पायऱ्यांचं नाव पुन्हा काढलं नाही. कॅलेंडरवर मात्र लिहीत राहिल्या.

जुलैच्या मध्यावर एके दिवशी माणच्या ताईनं आकडा भरला 42. इंजिनिअरला तो खटकला. त्यानं तालुक्याच्या ठिकाणची त्या दिवशीची नोंद इंटरनेटवर शोधली. तिथं पाऊसच नव्हता. बाईंचा दशांश चुकला असेल, नाहीतर बाटलीत पोरांनी पाणी ओतलं असेल, असं त्याला वाटलं. विचारायला हवं होतं. पण ताईचा फोन लागायचा नाही, व्हिडिओ बंद, चेहराही माहीत नाही. पडद्यावर एक काळा चौकोन आणि त्यात नाव, एवढीच त्याची ओळख. त्यानं 42 खोडून तिथं शून्य लिहिला. त्याच्या मते त्यानं चूक दुरुस्त केली होती.

ऑगस्टच्या सुरुवातीला घाटमाथ्यावर एका रात्री धुवाधार कोसळला. वायरमनकाकांना रात्री दोनला जाग आली. बॅटरी घेऊन ते बाहेर आले तर बाटली भरत आलेली. पट्टी वाचली, 180. बाटली ओतून पुन्हा लावली. सकाळी साडेआठला त्यात आणखी 95. तक्त्यात त्या दिवसाला रकाना एकच. काकांनी प्रामाणिकपणे त्यात लिहिलं, "180 + 95".

आता त्या तक्त्यांची एक खोड असते. आकड्याआधी बरोबरचं चिन्ह दिलं नाही, तर मधल्या अधिकच्या चिन्हामुळं ते त्याला अक्षरं समजतात आणि बेरजेत धरतच नाहीत. दोन महिन्यांतला सगळ्यात मोठा पाऊस त्या बेरजेतून गळाला. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण जो तो आपली ओळ भरायचा आणि तक्ता बंद करायचा. इंजिनिअर तेवढा शेवटची बेरीज बघायचा, आणि बेरीज तर येतच होती.

अहवालाची तारीख जवळ आली. इंजिनिअरनं गटावर दोनदा विचारलं, कोण काय लिहिणार? काकांनी अंगठा दाखवला. काकूंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मुलीची परीक्षा होईल की नाही याचाच घोळ चालला होता, ती म्हणाली, "दादा, सांगाल ते करते." ताईचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. ती खुरपणीत होती. शेवटी त्यानं एका रात्रीत जागून बावीस पानांचा अहवाल एकट्यानं लिहिला. आलेख काढले, पाचही ठिकाणांची सरासरी काढली, पहिल्या पानावर पाचही नावं घातली, सगळ्यांत खाली स्वतःचं. खरं तर त्यात उदारपणाच होता. बाकीच्यांना सुटल्यासारखं वाटलं. "दादा होते म्हणून झालं," असं सगळ्यांनी लिहिलं.

मॅडमनी अहवाल वाचला. चांगला म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी तोंडी परीक्षा. मी दोन चिठ्ठ्या काढणार. पहिल्या चिठ्ठीत ज्याचं नाव, तो बोलणार. दुसऱ्या चिठ्ठीत ज्याचं नाव, त्याच्या कामाबद्दल बोलणार. मिळतील ते गुण पाचही जणांना."

इंजिनिअरला हे मुळीच पटलं नाही. चार जणांचं नशीब एकाच्या जिभेवर कशाला? त्यानं तीस प्रश्नोत्तरं लिहून काढली आणि गटावर टाकली. "एवढं पाठ करा, निभेल." काकू स्वयंपाक करता करता पाठ करू लागल्या.

रविवारी मॅडमनी स्टीलचा डबा कॅमेऱ्यासमोर धरून खळखळ हलवला. पहिली चिठ्ठी निघाली ती इंजिनिअरचीच. चौघांनी निःश्वास टाकला. दुसरी निघाली माणच्या ताईची.

"ताईंच्या नोंदीत जुलैच्या मध्यावर एक मोठा पाऊस दिसायला हवा होता. तो का नाही?" मॅडमनी विचारलं. त्यांच्या गावाला जाणारा रस्ता ताईच्या गावावरून जात होता की काय कोण जाणे, पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला.

"त्या दिवशी तिथं शून्य होता," इंजिनिअर म्हणाला.

काळ्या चौकोनातून आवाज आला, "शून्य न्हवता दादा. बेचाळीस हुता."

कोणी काही बोललं नाही.

"मग शून्य कसा झाला?" मॅडमनी विचारलं.

"मी केला," इंजिनिअर म्हणाला. "तालुक्याला पाऊस नव्हता. मला वाटलं ताईंची चूक झाली."

ताई काही सांगायला लागली आणि तिचा आवाज तुटक तुटक येऊ लागला. मग चौकोनच नाहीसा झाला. मॅडम थांबल्या. दोन मिनिटांनी सांगलीच्या मुलीचा फोन वाजला. ताईनं तिला साधा फोन लावला होता. दोघींनी एकमेकींचे नंबर कधीतरी घेतले होते. मुलीनं फोनचा स्पीकर सुरू केला आणि तो लॅपटॉपच्या माइकला लावून धरला. पुढचा सगळा वेळ तिचा हात तसाच होता.

"तरणा पाऊस चालू हुता बघा मॅडम," ताई सांगू लागली. तरणा म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, हे काकूंनी हळूच इंजिनिअरला सांगितलं. "आमच्याकडं पाऊस असाच. बैलाचं एक शिंग भिजतं, एक कोरडं ऱ्हातं. मलाबी खरं वाटंना म्हणून मी शेजाऱ्याकडची बाटली बघितली. त्यांच्या पोराला मीच करून दिलीया. तिच्यात अडोतीस. वढ्यापलीकडं माझ्या जावंच्या घरी तिसरी बाटली, तिच्यात चारच. वढ्यापलीकडं चार, मग तालुक्याला शून्य, त्यात नवल ते काय?"

"तीन बाटल्या लावल्या होत्या तुम्ही?" मॅडम म्हणाल्या.

"एकीवर भरवसा कसा ठेवायचा? आन तो बेचाळीस कामाचाबी न्हवता. अर्ध्या तासात पडला समदा. बाजरी चार पानांवर हुती. बांध फुटला, माती घिऊन पाणी वढ्याला गेलं. उकरून बघितलं तर वीतभरसुदीक वल न्हाई. हेच मला पहिल्या दिवशी सांगायचं हुतं की नुसतं किती पडला ते लिवू नगा, किती येळात पडला तेबी लिवा. पर ती मीटिंग तुटली."

इंजिनिअरनं मान खाली घातली. बावीस पानांत पावसाच्या वेळेबद्दल एक ओळ नव्हती.

मॅडमनी गुण सांगितले, शून्य. पाठोपाठ म्हणाल्या, "आठ दिवस देते. अहवाल पुन्हा करा. अट एकच. आपल्या जागेबद्दल कोणीही लिहायचं नाही, दुसऱ्याच्या जागेबद्दल लिहायचं. इंजिनिअर माणवर लिहितील. काकू घाटमाथ्यावर, सांगलीची मुलगी वाईवर, वायरमनकाका सांगलीवर."

"आन मी?" फोनमधून ताईनं विचारलं.

"तुम्ही आलेखांवर."

त्या आठ दिवसांत गटात जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या दोन महिन्यांत झालं नव्हतं. लिहायचं दुसऱ्याबद्दल, तेव्हा विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

काकूंनी वायरमनकाकांना फोन केला आणि तक्त्यातल्या त्या "180 + 95" बद्दल विचारलं. काकांनी त्या रात्रीची सगळी हकीकत सांगितली. काकूंनी वही काढून आपल्या हातानं बेरीज केली. तक्त्याची बेरीज आणि त्यांची बेरीज यांत बरोबर 275 चा फरक. तीन वेळा करून बघितली. मग भीतभीत इंजिनिअरला कळवलं, "अरे, माझंच चुकत असेल, पण जरा बघतोस का?" त्यानं बघितलं. त्या दिवशीची घाटमाथ्याची अख्खी रात्र त्याच्या आलेखात नव्हतीच.

वायरमनकाकांनी सांगलीच्या मुलीला विचारलं, "पोरी, तू बाटली कितीला बघतेस?" ती म्हणाली, "संध्याकाळी, काका. सकाळी पाणी भरायची गडबड असते." तिचे सगळे आकडे बाकीच्यांशी जुळत नव्हते ते त्यामुळं. संध्याकाळचे आकडे सकाळचे करता येणार नव्हते. ते तसे आहेत एवढं लिहून ठेवायचं ठरलं.

मुलीनं काकूंना वाईबद्दल विचारलं आणि काकूंनी भिंतीवरून कॅलेंडर उतरवलं. जून, जुलै, ऑगस्ट. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात पायरी. मुलीनं ते कागदावर उतरवून घेतलं. शेजारी काकांच्या बाटलीचे आकडे लिहिले. त्याच्या शेजारी आयर्विन पुलापाशी रोज किती फूट पाणी होतं ते लिहिलं. ती मोजणी सांगलीत पावसाळ्यात घरोघरी तोंडपाठ असते. 45 फूट ही धोक्याची पातळी तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असते.

तीन रकाने शेजारी शेजारी आले आणि ती बघतच राहिली. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत होता तेव्हा वाईची पायरी हलतच नव्हती. वाईच्या वर धोम धरण आहे, पाणी आधी त्यात साठत होतं. मग काही दिवसांनी वाईत लख्ख उघडीप असताना पाणी एकदम चार पायऱ्या चढलं होतं. धरणातून सोडलं होतं. पण सांगलीचं पाणी मात्र वाईच्या आधीच वाढू लागलं होतं. हे कसं?

उत्तर वायरमनकाकांनी दिलं. "आमच्या डोंगराच्या एका अंगाचं पाणी कृष्णेला जातं, दुसऱ्या अंगाचं कोयनेला. कराडला दोघी भेटतात. तू नुसती वाईकडं बघत बसलीस तर कोयना मागनं येणार की." खांबावरून त्यांनी दोन्ही अंगं चाळीस वर्षं बघितली होती. ती तक्त्यात कुठं लिहायची हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

इंजिनिअर रोज सकाळी ताईला फोन लावू लागला. शेळ्या सोडताना ती टेकाडावर यायची, तेवढा अर्धा तास रेंज मिळायची. तो पाऊस, ओल, बांध यांबद्दल विचारायचा. ती आलेखांबद्दल विचारायची. उभी रेघ कशाची, आडवी कशाची, ठिपके का जोडले. एके दिवशी ती सरासरीवर अडली.

"दादा, ह्यो सरासरीचा पाऊस पडला कुणाच्या रानात?"

"म्हणजे?"

"महाबळेश्वरला वर्साला साडेपाच हजाराच्या वर पडतो म्हनं. आमच्यात पाचशेबी होत न्हाई. पाची ठिकाणचा मिळवून तुम्ही पाचानं भागलं. तेवढा पाऊस ना तिकडं पडला, ना हिकडं. मग त्यो हाय कुणाचा?"

इंजिनिअर हसला, मग गप्प झाला. महाबळेश्वरपासून माणमधली दहिवडी जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तेवढ्यात ढग डोंगरावर रिते होतात आणि पलीकडं सावलीतला कोरडा मुलूख सुरू होतो. हे त्यानं शाळेत वाचलं होतं, आणि तरी पाचही ठिकाणांची सरासरी काढून पान सजवलं होतं. त्यानं ते पान काढून टाकलं.

माण या गटात आलाच कसा, ही शंका त्याच्या मनात पहिल्यापासून होती. माणगंगा कृष्णेला नाही, भीमेला मिळते. ताईला तेही माहीत होतं. "भीमा पुढं कर्नाटकात कृष्णेलाच मिळती की," ती म्हणाली. "आमचं पाणी लांबनं येतं, एवढंच. आलं तर."

पुढच्या रविवारी डबा पुन्हा खळखळला. बोलायची चिठ्ठी ताईची निघाली आणि कामाची इंजिनिअरची. ताईनं टेकाडावरून आलेख समजावून सांगितला. घाटमाथ्याचा पाऊस, मग मधली गप्प पायरी, मग सांगलीचा चढ. शेवटी म्हणाली, "ह्यात सांगलीचे आकडे सांजंचे हाईत, म्हणून एक दिस हिकडं-तिकडं धरा." मॅडमनी पैकीच्या पैकी दिले नाहीत. सांगलीच्या आकड्यांसाठी थोडे कापले. कोणाची तक्रार नव्हती.

वाटून घेणं आणि मिळून करणं यांत फरक आहे. पहिल्या अहवालात पाच जणांनी काम वाटून घेतलं होतं, म्हणजे खरं तर चौघांनी ते एकावर टाकलं होतं आणि त्यानंही ते आनंदानं उचललं होतं. गटातल्या फुकट्यांबद्दल आपण पुष्कळ बोलतो. सगळं स्वतः ओढून नेणाऱ्या हुशार माणसाबद्दल फारसं बोलत नाही. तो दुसऱ्यांचं काम करतो, पण त्यासाठी आधी त्यांना गप्प करतो, आणि हे त्याला कळतही नाही. समोरासमोरच्या वर्गात निदान शेजारच्याची वही दिसते, तोंड दिसतं, त्याला काही बोलायचं आहे हे कळतं. पडद्यावर तेही नाही. तिथं विचारणं मुद्दाम घडवून आणावं लागतं. 1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात काळी-गोरी मुलं नुकतीच एका वर्गात बसू लागली होती आणि एकमेकांकडं बघत नव्हती, तेव्हा एलियट अॅरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं असंच केलं होतं. धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचा धडा हवा असेल तर शेजाऱ्याचं ऐकण्याशिवाय मार्ग नाही. आपल्या मॅडमना त्याचं नाव ठाऊक होतं की नाही, माहीत नाही. डबा मात्र त्यांना बरोबर हलवता येत होता.

अभ्यासक्रम सप्टेंबरात संपला. गट मोडला नाही. सकाळी साडेआठनंतर पाच आकडे आणि एक पायरी येतच राहिली. पायरीला आता वेगळा रकाना होता.

पुढच्या वर्षी, 2021 च्या जुलैत, 22 तारखेच्या संध्याकाळी वायरमनकाकांचा निरोप आला. "सकाळपासून तिसऱ्यांदा बाटली ओतली. खांबावर होतो तेव्हासुद्धा असला पाऊस बघितला नाही." त्यानंतर त्यांचा फोन लागेना. त्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. सांगलीत तेव्हा पाऊस होता, पण घाबरावं असा नव्हता. मुलीनं काकांचा निरोप वडिलांना वाचून दाखवला आणि गेल्या वर्षीचा कागद पुढं ठेवला. वडिलांनी आधी आढेवेढे घेतले, मग धान्याची पोती माडीवर चढवली. इंजिनिअरनं मिरजेच्या एका मित्राला गाठून टेम्पो धाडला. गल्लीतल्या आणखी चार घरांनी बघून बघून सामान हलवलं. मग सरकारी सूचनाही येऊ लागल्या. 25 तारखेला आयर्विन पुलापाशी पाणी 55 फुटांच्या आसपास गेलं.

पाणी चढायच्या आधीच माणहून ताईचा निरोप आला होता. "आजीला हिकडं आणून सोडा. घर ल्हान हाय, पर पाण्याचं भ्या न्हाई."

मुलीनं विट्यावरून एसटीनं आपल्या आजीला दहिवडीला पोचवलं. आजी तिथं दहा दिवस राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून साडेआठला बाटली बघायचं काम ताईनं त्यांच्याकडं दिलं. दहा दिवसांत सगळा मिळून 14 मिलिमीटर भरला. आजीचा त्यावर विश्वास बसेना. बाटलीला भोक तर पडलेलं नाही ना, हे त्यांनी दोनदा पाणी भरून बघितलं.